उन्हाचा पारा आणि खोडकिडीचे घड्याळ



सुरू लागणीचा ऊस फेब्रुवारीअखेर हिरवागार दिसतो आणि एप्रिल उजाडला की त्याच सरीत वाळलेले पोंगे उभे दिसू लागतात. पोंगा ओढला तर सहज हातात येतो, बुडाला घाण वास मारतो. ही खोडकीड. "महिन्यापूर्वी चार-दोनच पोंगे वाळले होते, मग एवढी कीड एकदम आली कुठून?" असा प्रश्न दर उन्हाळ्यात गट ऑफिसात होतो. कीड बाहेरून आलेली नसते. शेतात होती तीच वाढत्या उन्हात झपाट्याने वाढते. असे का होते हे समजले, तर उपाय केव्हा करायचा तेही समजेल.

पेशीतले बॉयलर घर

माणूस किंवा बैल यांचे शरीर थंडीत-उन्हात जवळजवळ सारखेच उबदार असते. कीटकाचे तसे नाही. भोवतालची हवा जेवढी गरम, साधारण तेवढेच त्याचे अंग गरम.

कीटकाच्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म भाग असतात. त्यांना पेशीचे बॉयलर घर समजा. आपल्या कारखान्यात बगॅस जळते, वाफ होते आणि वाफेवर टर्बाईन फिरते. तंतुकणिकेत अन्नातली साखर प्राणवायूच्या मदतीने हळूहळू जाळली जाते आणि त्यातून 'एटीपी' हा पदार्थ तयार होतो. खाणे, चालणे, कात टाकणे ही सारी कामे या एटीपीवर चालतात. गंमत म्हणजे कीटकाच्या रक्तातली मुख्य साखर 'ट्रेहॅलोज' ही आपल्या साखरेची चुलतबहीणच आहे. उसाच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते, तर ट्रेहॅलोजमध्ये ग्लुकोजच्या दोन कणांची.

हे जाळण्याचे काम विकरे करतात. सोसण्याजोग्या मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले, की या कामाचा वेग साधारण दुप्पट होतो. मग अळी जास्त खाते, लवकर कात टाकते, लवकर कोष करते.

हिशेब असा

समजा, एखाद्या किडीची वाढ १२ अंश सेल्सिअसला थांबते. दिवसाची सरासरी २० अंश असेल तर वाढीसाठी रोज ८ अंश मिळतात. सरासरी २८ झाली की १६ मिळतात. म्हणजे पहिल्या हवेत ज्या वाढीला ५० दिवस लागतात, ती दुसऱ्या हवेत २५ दिवसांत पुरी होते. हा आकडा नुसता समजण्यासाठी आहे, पण नियम खरा आहे. पंजाबच्या थंडीत खोडकिडीची अळी बुडख्यात निपचित पडून हिवाळा काढते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या चालू राहतात. उन्हाळ्यात खोडकिडीची अंडी ४ ते ६ दिवसांत फुटतात आणि पुरी पिढी ३५ ते ४० दिवसांत संपते.

ऊन फार झाले तर?

बॉयलरलाही मर्यादा असते. ऊन फारच वाढले तर विकरे बिघडतात. इंधन जळत राहते पण एटीपी पुरेसे होत नाही, जशी गळक्या पाइपातून वाफ वाया जावी. मग कीटक मलूल होऊन मरतो. पण एवढ्यावर खोडकीड मरेल या आशेवर बसू नका. तिची अंडी पानाच्या खालच्या बाजूस सावलीत असतात आणि अळी ओल्या खोडाच्या आत. बाहेरचा चटका तिला पुरता लागत नाही.

प्रत्येक किडीची आवडती हवा वेगळी, हेही ध्यानात ठेवा. सन २००२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेला लोकरी मावा ढगाळ, दमट आणि मध्यम तापमानात वाढतो. कडक उन्हाळ्यात तो ओसरतो. खोडकिडीला मात्र कोरडा उन्हाळाच मानवतो.

आपण काय करायचे?

१) पाचट जाळू नका. सरीत पाचटाचे आच्छादन केले की जमीन थंड राहते, ओल टिकते. वेळेवर पाणी दिल्यानेही रानातला उष्मा कमी होतो.

२) लागणीनंतर दीड महिन्याने हलकी बाळबांधणी करा. बुडाशी माती लागली की अळीला शिरायला जागा कमी मिळते.

३) वाळलेले पोंगे जमिनीलगत कापून अळीसकट नष्ट करा. आज एक अळी सोडली तर महिना-सव्वा महिन्यात तिची पुढची पिढी उभी राहते.

४) ट्रायकोकार्डे वेळेवर लावा. कार्डातला ट्रायकोग्रामा हा बारीक मित्रकीटक किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. पण अंडी ४-६ दिवसच असतात, म्हणून एकदा कार्ड लावून भागत नाही. सुमारे दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा लावावे लागते.

५) मित्रकीटकाच्या पेशीतही तेच बॉयलर घर आहे. ३५ अंशांच्या वर तो हैराण होतो. तेव्हा कार्ड गाडीच्या डिकीत किंवा खिशात तापू देऊ नका. सकाळी किंवा सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूस टाचा. कार्डे लावल्यावर लगेच कीटकनाशक फवारू नका, नाहीतर किडीआधी मित्रच मरेल.

थोडक्यात, थंडीत आठवड्यातून एक फेरी पुरते, पण मार्चनंतर दर तीन-चार दिवसांनी सरीत उतरून बुडखे बघा. पारा चढला की किडीचे दिवस कमी होतात आणि त्याबरोबर आपल्या हातातले दिवसही कमी होतात. पोंगे वाळताना दिसले तर पुढच्या पाण्याची वाट न बघता गट ऑफिसात वर्दी द्यावी, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी