फूटप्रिंटचे प्रतिबिंबन, मुद्रित मंडलातील

मुद्रित मंडलाच्या पृष्ठावर इलेक्ट्रॉनीय घटक बसविण्यासाठी तांब्याच्या पॅडांची जी ठराविक मांडणी केलेली असते, तिला फूटप्रिंट म्हणतात. पॅडांचे स्थान व क्रमांक, घटकाची छापील बाह्यरेषा आणि पहिल्या पिनेची खूण यांचा तीत समावेश होतो. संगणकावर आराखडा करताना ही आकृती आज्ञावलीच्या संग्रहातून घेतात. ती घटकाकडे वरून पाहिल्यावर दिसेल तशी काढण्याचा संकेत आहे. घटक मंडलाच्या खालच्या पृष्ठावर बसवावयाचा असल्यास मात्र आकृतीचे आरशातील प्रतिबिंब घ्यावे लागते, कारण पडद्यावर मंडल सामान्यतः वरूनच, जणू ते पारदर्शक असावे तसे, पाहिले जाते. त्यामुळे खालच्या पृष्ठावरील अक्षरे पडद्यावर उलटी दिसतात व ती तशीच दिसावयास हवीत. नवशिक्या आराखडाकार ती ‘सुधारण्याच्या’ प्रयत्नात मूळचे बरोबर काम बिघडवितो.

योग्य क्रियेत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : आकृती एका अक्षाभोवती उलटते आणि तिचे तांबे, झाळरोधक लेप व छपाई हे सर्व थर वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे जातात. १९९२ पासून विकसित होत आलेल्या कायकॅड या आज्ञावलीत या क्रियेला ‘फ्लिप’ असे नाव आहे. जर्मनीत १९८८ साली आलेल्या ईगलमध्ये तिलाच ‘मिरर’ म्हणत. हा नामभेद घोटाळ्याचे एक मूळ आहे. इतरत्र ‘मिरर’चा अर्थ थर न बदलता केवळ आकृती उलटणे असा असू शकतो. अल्टियममध्ये घटक हलविताना एक्स किंवा वाय ही कळ दाबल्यास असेच होते.

थर न बदलता उलटविलेली आकृती ही अस्तित्वात नसलेल्या घटकाची असते. डाव्या पायाचा कागदावरील ठसा कागद कितीही फिरविला तरी उजव्या पायाचा होत नाही, तसेच हे आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेले ५५५ हे कालमापक संकलित मंडल उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या आठ पिनांचे क्रमांक, वरून पाहता, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने वाढतात. समोरासमोरील १ व ८ या पिना अनुक्रमे भूसंपर्काच्या व धन विद्युत् पुरवठ्याच्या आहेत. फूटप्रिंटची डावी-उजवी बाजू बदलल्यास १ क्रमांकाची पिन ८ च्या पॅडवर व ८ क्रमांकाची १ च्या पॅडवर येते. परिणामी पुरवठा उलट्या ध्रुवतेने जोडला जाऊन घटक जळण्याचा संभव असतो. घटक १८०° ने फिरवूनही उपयोग होत नाही. मग पहिली पिन ४ च्या पॅडवर बसते.

आज्ञावलीची नियम-तपासणी ही चूक पकडत नाही. पॅडांचे क्रमांक व त्यांच्या जोडण्या आकृतीशी जुळतात एवढेच ती पाहते. रोधकासारख्या दोन टोकांच्या सममित घटकाचे प्रतिबिंबाने काहीच बिघडत नाही. एसओटी-२३ वेष्टनातील तीन पायांचा ट्रँझिस्टर मात्र फसवा असतो : तो उलट्या फूटप्रिंटवरही नीट बसतो, परंतु बीसी८४७ सारख्या प्रकारात पाया व उत्सर्जक यांची अदलाबदल होते.

चुकीचे दुसरे मूळ निर्मात्याच्या माहितीपत्रकात असते. निर्वात नलिकांच्या पिना खालून पाहून मोजण्याची प्रथा होती, कारण कारागीर नलिकेच्या बैठकीची जोडणी त्याच बाजूने करीत असे. काही ट्रँझिस्टर व जोडक यांच्या आकृत्या अद्यापही तशाच काढतात. ‘खालून दृश्य’ ही बारीक टीप नजरेतून सुटली, की संग्रहातील फूटप्रिंटच उलटी तयार होते व ती वापरणाऱ्या प्रत्येक आराखड्यात चूक उतरते.

मंडल तयार झाल्यावर उपाय थोडेच. आरपार छिद्रांत बसणारा घटक विरुद्ध पृष्ठाकडून घालता येतो. पृष्ठावर झाळावयाचा घटक पोट वर करून बारीक तारांनी जोडतात. पण हे एखाद्या नमुना मंडलापुरतेच शक्य आहे, शेकडो मंडले टाकूनच द्यावी लागतात. म्हणून अनुभवी आराखडाकार मंडल बनविण्यास देण्यापूर्वी त्याची मूळ मापाची प्रत कागदावर छापतात, तिच्यावर प्रत्यक्ष घटक ठेवतात आणि पहिल्या पिनेपासून क्रमांक मोजून पाहतात. खालच्या पृष्ठासाठी प्रत उलटी छापावी लागते.