बोट बंद पडली, फोन लागत नाही



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर विषय निघाला तो बोटीवरच्या मुलांचा. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडच्या वाड्यांमधून एखादा तरी मुलगा क्रूझवर नोकरीला असतो. कोणी वेटर, कोणी किचनमध्ये, कोणी खोल्या साफ करणारा, कोणी इंजिनात. पलीकडे गोव्यात तर अशा माणसाला ‘तारवटी’ असे नावच आहे. बैठकीत एकीने विचारले, “मध्येच दर्यात बोट बंद पडली आणि फोन लागेनासा झाला, तर आम्ही घरी बसून करायचे काय?” आजचे बोलणे त्या प्रश्नावर.

असे खरोखर घडलेले एक उदाहरण सांगतो. ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ नावाची मोठी क्रूझ ७ फेब्रुवारी २०१३ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन बंदरातून निघाली. चार दिवसांची सहल, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जाऊन परत यायचे. बोटीवर ३,१४३ प्रवासी आणि १,०८६ कर्मचारी. परतीच्या वाटेवर, रविवारी १० तारखेला पहाटे, इंजिनरूममध्ये आग लागली. आपोआप विझवणाऱ्या यंत्रणेने ती विझवली आणि आगीत कोणी दगावले नाही. पण बोट जागच्या जागी बंद पडली. नंतर चौकशीत कळले की इंजिनाचे तेल परत नेणाऱ्या एका नळीला गळती होती आणि ते तेल तापलेल्या भागावर पडून पेटले होते.

आता आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, इंजिन बंद पडले तर दिवे, पंखे, संडास का बंद पडावेत? गावातला डीपी जळाला की काय होते ते आठवा. दिवा जातो, पाण्याची मोटर बंद, चक्की बंद, मोबाइल चार्ज होत नाही. क्रूझचे तसेच असते. तिची इंजिने आधी वीज बनवतात. त्याच विजेवर बोटीचा पंखा फिरतो, स्वयंपाक होतो, खारे पाणी गोडे होते, थंड हवा खेळते. संडाससुद्धा त्याच विजेवर, कारण बोटीवरचे संडास पाण्याच्या लोटाने साफ होत नाहीत, यंत्राने हवा ओढून घाण खेचली जाते. वीज गेली की ती तिथेच तुंबते. ट्रायम्फवर हेच झाले. लोकांना प्लास्टिकच्या पिशव्या वापराव्या लागल्या, खालच्या खोल्यांत गुदमरायला लागले म्हणून गाद्या वर डेकवर आणून लोक झोपले, खाण्यासाठी तासन्‌तास रांगा लागल्या.

मात्र प्रत्येक प्रवासी बोटीवर इंजिनरूमच्या बाहेर, वरच्या बाजूला, एक वेगळा संकटकाळचा जनरेटर असावा लागतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याने ३६ तास काम दिले पाहिजे. तो जिन्यांवरचे दिवे, आग विझवायचा पंप, कप्तानाचा रेडिओ अशा जिवाच्या गोष्टी चालवतो. संडास आणि थंड हवा त्याच्या यादीत नाहीत. रेडिओला तर जोडीला बॅटऱ्याही असतात.

हे एवढे खोलात सांगण्याचे कारण आहे. घरी बसलेल्या बाईला वाटते, माझ्या मुलाचा फोन लागत नाही म्हणजे बोटीशीच कोणाचा संपर्क नाही. तसे नसते. मुलाचा फोन बोटीवरच्या वायफायवर किंवा बोटीवरच्या छोट्या टॉवरवर चालतो, आणि ते दोन्ही विजेबरोबर जातात. कप्तान मात्र रेडिओवरून कंपनीशी आणि जवळच्या देशाच्या तटरक्षक दलाशी बोलत असतो. ट्रायम्फच्या वेळी त्याच कंपनीच्या दुसऱ्या बोटी खाणे घेऊन शेजारी आल्या, तेव्हा त्यांच्या टॉवरवरून थोडा वेळ काही जणांचे फोन लागले. बोट दूर गेली, फोन पुन्हा बंद. घरच्यांना एकदा आवाज ऐकू आला आणि परत शुकशुकाट. पहिल्यापेक्षा ही शांतता जास्त छळते, पण तिचे कारण तेवढेच.

दुसरी गोष्ट, बंद पडलेली बोट बुडत असते का? तिचे अंग धड असेल तर नाही. ती तरंगते, वाऱ्याने आणि प्रवाहाने वाहत जाते. ‘कार्निव्हल स्प्लेंडर’ नोव्हेंबर २०१० मध्ये मेक्सिकोजवळ अशीच आग लागून बंद पडली, तीन दिवसांत तिला ओढत सॅन दिएगोला आणले. ‘कोस्टा अलेग्रा’ फेब्रुवारी २०१२ मध्ये आपल्याच हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांजवळ बंद पडली. हजारावर माणसे होती तिच्यावर. तिला ओढायला आधी कोण पोचले, तर एक फ्रेंच मच्छीमार बोट! मासेमारीवर जगणाऱ्या आपल्या घरांना याचे विशेष वाटायला हरकत नाही. दोन्ही बोटींवरची माणसे सुखरूप उतरली.

खरी भीती असते ती किनारा जवळ असताना आणि वादळ असताना. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेत ‘व्हायकिंग स्काय’ची सगळी इंजिने भर वादळात, खडकांजवळ बंद पडली. तिथे हेलिकॉप्टरने एकेकाला वर उचलून चारशेच्यावर माणसे काढावी लागली. म्हणून बोट बंद पडल्याचे कळले की आधी विचारायचे, किनाऱ्यापासून किती लांब आहे आणि हवामान कसे आहे. बोट खोल दर्यात आणि हवा शांत असेल, तर तो हाल होण्याचा काळ आहे, जिवावरचा नव्हे.

ट्रायम्फच्या घरच्यांना आणखी एका गोष्टीने फार त्रास दिला, ती म्हणजे बदलत जाणारी तारीख. आधी कंपनीने सांगितले, बोट मेक्सिकोच्या प्रोग्रेसो बंदरात बुधवारी नेऊ. तोवर बोट वाहत वाहत बरीच उत्तरेला सरकली होती, म्हणून ठरले की अमेरिकेतल्या मोबील बंदरात न्यायची, गुरुवारी. (बंदराचे नावच मोबील आहे, आपल्या हातातल्या फोनशी त्याचा संबंध नाही.) गुरुवारी ओढायचा दोर तुटला. शेवटी बोट धक्क्याला लागली ती रात्री साडेनऊच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळचे नऊ. सगळे उतरायला आणखी काही तास गेले. तिथून बसने घरी निघालेल्यांची एक बसही वाटेत बंद पडली! काय म्हणावे अशा वेळी.

सांगायचे असे की ओढून आणणारी टगबोट फार हळू चालते, सायकलवरच्या माणसासारखी. कोणी तारीख सांगितली तर ती पक्की धरून जेवणखाण टाकून बसू नका. ‘आज यायची होती, आली नाही’ याचा अर्थ काही विपरीत घडले असा होत नाही.

त्या पाच दिवसांत अमेरिकेतल्या वाहिन्यांनी बोट सारखी दाखवली. प्रवाशांचे नातेवाईक गाड्या काढून मोबीलला धक्क्यावर जाऊन थांबले. ते त्यांना शक्य होते. पण बोटीवरच्या एक हजारावर कर्मचाऱ्यांची घरे कुठे असतात? क्रूझवरचे कर्मचारी फिलिपाइन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून येतात. त्यांची आई धक्क्यावर जाऊ शकत नाही. उतरल्यावर प्रवाशांनी संडासांबद्दल खूप सांगितले, आणि बऱ्याच जणांनी कर्मचाऱ्यांचे कौतुकही केले, की त्या घाणीत तीच मुले साफसफाई करत होती आणि हसून खायला देत होती. त्या मुलांच्या घरी पाच दिवस काय चालले होते हे मात्र बातम्यांत फारसे आले नाही. आपण त्या बाजूचे लोक आहोत, म्हणून आपली तयारी आपणच करायची.

पहिली तयारी मुलगा घरी असतानाच करायची. एका वहीत लिहून घ्या: बोटीचे पूर्ण नाव, कंपनीचे नाव, नोकरी लावणाऱ्या एजन्सीचे नाव आणि तिचा ‘आरपीएसएल’ परवाना क्रमांक, मुलाचा सीडीसी क्रमांक आणि पासपोर्ट क्रमांक. कराराची झेरॉक्स घरी ठेवा. बोटीचा सात आकडी ‘आयएमओ’ क्रमांकही घ्या. बोटीचे नाव बदलते, हा क्रमांक बदलत नाही. आपली ट्रायम्फसुद्धा २०१९ पासून ‘कार्निव्हल सनराइज’ या नावाने फिरते आहे.

आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचे, घरचा माणूस म्हणून कंपनीकडे कोणाचे नाव आणि कोणता नंबर दिला आहे ते विचारा. संकटात कंपनी त्याच नंबरवर बोलते. पुष्कळदा मुलगा मुंबईतल्या भावाचा किंवा काकांचा नंबर देतो, कारण गावात रेंज नसते. मग बातमी मुंबईत थांबते आणि इथे बायको, आई दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत बसतात. बायकोचा किंवा आईचा नंबर दुसरा म्हणून तरी लिहायला लावा. सुना लाजतात हे विचारायला, सासूने विचारावे.

बोट बंद पडल्याचे कळले तर आधी एजन्सीला फोन करा. परवाना असलेल्या एजन्सीची ही जबाबदारी आहे, तिने उडवून लावले तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे लोक ज्याला डीजी शिपिंग म्हणतात तिथे कळवा. परवानाधारक एजन्सींची यादीही त्यांच्याच संकेतस्थळावर असते. परदेशातल्या बंदरात मुलगा अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ज्यांच्याकडे वहीत क्रमांक लिहिलेले आहेत त्यांचे काम पाच मिनिटांत होते.

हे दरवाजे ठोठावल्याने फरक पडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ ही क्रूझ जपानच्या योकोहामा बंदरात कोरोनामुळे अडवून ठेवली होती. ती बंद पडली नव्हती, पण उतरायला मनाई होती आणि आजार वाढत होता. तिच्यावर १३२ भारतीय कर्मचारी होते. त्यांतल्या काहींनी फोनवर व्हिडिओ काढून मदत मागितली. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना विमानाने दिल्लीला आणले. तिथेही त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवले होते, म्हणजे देशात पोचूनही घरच्यांचे थांबणे संपले नव्हतेच.

मोबाइलवर बोटींचा नकाशा दिसतो, बऱ्याच मुलांनी आईच्या फोनवर तो टाकून दिलेला असतो. चांगला आहे, पण किनाऱ्यावरच्या यंत्राला बोटीचा इशारा पोचला तरच तिचा ठिपका हलतो. खोल दर्यात तो तासन्‌तास एकाच जागी दिसतो. ठिपका थांबला म्हणून रडारड करू नका. तसेच, कंपनी म्हणते ‘काही संडास सुरू झाले’ आणि मुलगा म्हणतो ‘इथे काहीच सुरू नाही’, तर कोणी खोटेच बोलतो असे नाही. कंपनी सगळ्या बोटीचे सांगते, मुलगा त्याच्या मजल्याचे.

पैशांबद्दल दोन शब्द. मुलाला सोडवायला, तिकिटाला, कागदाला पैसे पाठवा असा फोन आला, तर एक रुपयाही पाठवू नका. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे अशा वेळी कर्मचाऱ्याला घरी पोचवायचा खर्च बोटमालकाचा असतो, आणि भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्याच कराराप्रमाणे नोकरी लावण्याची फी कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याचा. एजंटला लाखाने पैसे मोजायला गटातून कर्ज मागायला येणाऱ्या घरांना आम्ही हे आधी सांगतो. दुरुस्तीला गेलेल्या बोटीवरच्या मुलांना कधी दुसऱ्या बोटीवर, कधी घरी पाठवतात. पगार कुठपर्यंत मिळणार ते करारात लिहिलेले असते, म्हणून झेरॉक्स हवी. पगार एखादा महिना लांबला आणि घरी गटाचा हप्ता असेल, तर लपवू नका, बैठकीत सांगा. मुदत वाढवून देणे गटाच्या हातात असते, सावकाराच्या दारात जायची गरज नाही.

आणि शेवटी फोन लागलाच तर तो दोन मिनिटांचा असेल, बॅटरी संपत आलेली असेल. रडण्यात तो घालवू नका, रडायला नंतर वेळ आहे. विचारायचे एवढेच: तब्येत कशी आहे, पुढचे बंदर कोणते, तिथे तुमच्याजवळ कंपनीचा कोण माणूस येणार आहे. उत्तरे वहीत लिहा आणि शेजारच्या दोन घरांतली मुले त्याच बोटीवर असतील तर लगेच त्यांनाही कळवा, कारण त्यांचा फोन अजून लागला नसेल.