शिळावर्तुळांतील शस्त्रे: दफनातले लोखंड कसे वाचावे?

मध्य आशियातील तुर्कांच्या इ.स. ६व्या ते १०व्या शतकातील कबरींत मृताशेजारी घोडा, रिकिबी, बाण आणि तलवार सापडतात. घोडा आणि लोखंडी शस्त्र एकत्र पुरण्याची प्रथा आपल्याकडे नागपूर परिसरात त्याच्याही हजारावर वर्षे आधी होती. त्या दोन समाजांचा एकमेकांशी संबंध नव्हता. सारखी वस्तू दिसली म्हणून लोक एकच असे धरू नका, हा आजचा पहिला धडा.

पुरावा कोठे आहे?
जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा आणि नैकुंड येथे मोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ही महापाषाणकालीन दफने साधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील. शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकात माहूरझरी आणि नैकुंड येथे उत्खनन केले. दक्षिणेकडे ब्रह्मगिरी येथे (१९४७) आणि आमच्या देवनहळ्ळीच्या शेजारच्या होसकोटे तालुक्यातील जडिगेनहळ्ळी येथेही महापाषाणकालीन दफने खणली गेली आहेत.

काय सापडले?
खंजीर, भाल्याची पाती, बाणाची टोके. त्यांच्याच जोडीला कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याच्या बांगड्या, मणी आणि काळी-तांबडी मडकी. काही दफनांत घोड्याची हाडे, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले. रिकीब मात्र नाही. ती पुष्कळ नंतरची.

लोखंड कसे बनले?
नैकुंडला लोखंड गाळायची मातीची भट्टी आणि लोहमळी सापडली. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. भात्याच्या भट्टीत तेवढी उष्णता मिळत नसे. त्यामुळे धातुकातून लोखंडाचा सच्छिद्र गोळा निघे. तो तापवून ठोकला की मळी बाहेर पडे. कोळशातला कार्बन लोखंडात शिरला तर पोलाद होते. माहूरझरीच्या एका छिन्नीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा ती पोलादाची निघाली. म्हणजे धार कशी टिकवायची हे त्या लोहाराला ठाऊक होते.

चूक कोठे होते?
दफनात भाला दिसला की आपण लगेच ‘योद्धा’ लिहितो. पण वस्तू मृत माणूस स्वतः ठेवत नाही, मागे राहिलेले ठेवतात. भाला शिकारीचा असेल, मानाचा असेल किंवा आप्तांची भेट असेल. कुऱ्हाड तर जंगल तोडायलाही लागते. हाडांवर वार भरून आल्याच्या खुणा आहेत का, शस्त्राची धार झिजली आहे का, तेच शस्त्र किती दफनांत आहे, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. वर्तुळातले दगड हलवले किंवा वस्तू उचलून नेली, तर हे प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. वस्तू कोठे आणि कशाशेजारी होती, हाच खरा पुरावा.

स्वाध्याय
१. शुद्ध लोखंड न वितळताही भट्टीतून लोखंड कसे मिळते?
२. एका दफनात खंजीर, छिन्नी आणि बांगडी आहे. मृताविषयी तुम्ही काय सांगू शकता आणि काय सांगू शकत नाही?