‘आमचें’, ‘आपलें’ आणि इंग्रजी षष्ठी

वस्तु कोणाची, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत नेहमींच नाजूक असतो. तो इंग्रजींत मांडतांना एका बारीकशा चिन्हावर केवढा भार पडतो, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

इंग्रजींत नामाची षष्ठी करतांना शब्दाच्या अंतीं अपॉस्ट्रॉफी, म्हणजे माथ्यावरचा स्वल्पविराम, देऊन पुढें ‘एस्’ लिहितात. ‘ब्रदर’पुढें चिन्ह व मग ‘एस्’ लिहिल्यास घर एका भावाचें. ‘ब्रदर्स’ लिहून शेवटीं चिन्ह दिल्यास अनेक भावांचें. उच्चार दोहोंचा एकच. म्हणून येथें कानावर विसंबून चालत नाहीं. तसेंच, ‘राम अँड गोविंद’ या जोडींत शेवटच्या नांवालाच षष्ठी लाविली तर मालमत्ता सामाईक. दोन्ही नांवांना लाविली तर प्रत्येकाची निराळी. वांटणीच्या कागदांत हा भेद लहान म्हणतां येईल काय?

सर्वनामांच्या षष्ठीला मात्र हें चिन्ह लागत नाहीं. ‘इट्स’मध्यें तें घातलें कीं ‘त्याचें’ हा अर्थ जाऊन ‘तें आहे’ असा होतो. हा शब्द तसा अर्वाचीनच. १६११ सालच्या इंग्रजी बायबलच्या मूळ छापांत तो आढळत नाहीं, तेथें निर्जीव वस्तूसही ‘हिज्’ लाविलेला दिसतो.

आपल्या मुलांची अडचण निराळीच आहे. ‘तिचा भाऊ’ म्हणतांना ‘ति’ मालकिणीकडे पाहतें आणि ‘चा’ भावाकडे. इंग्रजी ‘हर्’ केवळ मालकिणीकडे पाहतो. मुलगा भावाकडे पाहून ‘हिज्’ लिहितो व फसतो. शिवाय ‘गोविंदानें आपली छत्री नेली’ आणि ‘गोविंदानें त्याची छत्री नेली’ यांतील छत्र्या मराठींत दोघांच्या होतात. इंग्रजींत दोहोंस एकच ‘हिज्’.

याहून मोठी उणीव ‘अवर’ची. ‘आमचें घर’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपलें घर’ म्हटलें कीं तो आंत आला. ‘अवर हाउस’ या शब्दांत तो उंबरठाच नाहीं.

म्हणून घरांतील वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, मुलांकडून नियम नुसते घोकवूं नयेत. ‘मालक कोण? एक कीं अनेक?’ हें त्यांस आधीं विचारावें. उत्तर आलें कीं चिन्हाची जागा आपोआप कळते. आणि इंग्रजींत ‘अवर’ लिहिणाऱ्या त्याच मुलानें पाहुण्यांस ‘या, आपलेंच घर आहे’ असें म्हणावें, एवढें मराठीही त्याच्या जिभेवर राखावें.