आठ जीबीचं बिऱ्हाड

2024 च्या दिवाळीत अखेर माळ्यावरच्या डब्याची गादी बदलली. घरातले फोटो, स्कॅन केलेले कागद, आईच्या कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यपदं, सगळं ज्यात राहतं तो डबा, म्हणजे घरचा फाइल-सर्व्हर. बारा वर्षं त्यात आधी फ्रीनॅस आणि पुढे ट्रूनॅस कोअर, म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं घराणं नांदत होतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कळलं, की कोअरची यापुढे डागडुजी तेवढी होईल, नवी बांधकामं लिनक्सवरच्या स्केलमध्ये. निमूटपणे स्केल टाकलं. डिस्कांचा पूल एका झटक्यात ओळखला गेला, एक फोटो हरवला नाही. फक्त प्लगइन, म्हणजे डब्यातच चालणारी जोड-सॉफ्टवेअरं, तेवढे गेले, सगळेच्या सगळे. ते ज्या फ्रीबीएसडीच्या जेलमध्ये राहत होते, ती जेलच लिनक्सला ठाऊक नाही.

तेव्हापासून जो भेटेल त्याला हे ऐकवतोय. आता लिहूनच टाकतो.

फ्रीनॅसचा जन्म 2005 चा, ऑलिव्हिए कोशार या फ्रेंच माणसाच्या हातचा. 2011 मध्ये आयएक्ससिस्टिम्स या कंपनीनं ते मुळापासून नव्यानं लिहून आठवी आवृत्ती काढली. त्याआधीचं मला फारसं सांगण्यासारखं नाही. माझी गोष्ट 2012 पासूनची, 8.2 मध्ये प्लगइन आले तेव्हापासूनची. सुरुवातीला मोजून तीन होते: फायरफ्लाय, मिनिडीएलएनए आणि ट्रान्समिशन. ऑफिसातून भंगारात निघालेला कोअर टू ड्युओ, त्यात कोंबलेली आठ जीबी रॅम आणि दोन डिस्का. मिनिडीएलएनएचं बटण 'ऑफ'वरून 'ऑन'वर सरकवलं आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर वसंतराव देशपांडे गायला लागले. गाणं कुठून येतंय, असं आईनं विचारलं. जेलमधून, म्हटलं. "वसंतरावांना जेलमध्ये का टाकलंयस?" हा प्रश्न पुढे पाहुण्यांसमोरही विचारला जायचा.

जेल म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. खोली वेगळी, दाराला कडी वेगळी, आयपीचा पत्ताही वेगळा. पण पाया आणि नळ एकच, म्हणजे कर्नल सामाईक. पॉल-हेनिंग कॅम्पनं केलेली ही सोय फ्रीबीएसडीत 2000 सालापासून होती. त्यामुळे प्लगइनला रॅम लागायची ती चिमूटभर. व्हर्च्युअल मशीन म्हणजे अंगणात वेगळा बंगला बांधणं: स्वतःचा कर्नल, स्वतःची डिस्क, आणि बांधतानाच कापून दिलेली रॅम. माझा मामेभाऊ पहिल्या दिवसापासून बंगल्याच्या बाजूचा. "दुसऱ्यानं लावून दिलेल्या सामानावर संसार करू नकोस," असं तो फोनवर ऐकवायचा. त्याच्याकडे बत्तीस जीबी होती, त्याला बोलायला काय जातं? माझ्याकडे तर निवडीचा प्रश्नच नव्हता. फ्रीबीएसडीत 2014 ला व्हर्च्युअल मशीनसाठी बीहाइव्ह आलं, पण त्याला प्रोसेसरात इंटेलचं ईपीटी लागायचं, आणि कोअर टू ड्युओत ते नाही. गरिबीला मी तत्त्वाचं नाव दिलं, इतकंच.

2017 मध्ये सेकंडहँड झिऑन आणि सोळा जीबी ईसीसी रॅम घेतली, आणि मग निवडीची पंचाईत सुरू झाली. त्याच वर्षी कोरल नावाची दहावी आवृत्ती गुढीपाडव्याच्या आधी आली आणि अक्षय्य तृतीयेच्या आत मागेही घेतली गेली. तिनं जेल काढून डॉकर आणलं होतं. ती टाकण्याच्या आमच्या आळसानं आम्हाला वाचवलं. जूनमध्ये अकरावी आवृत्ती आली. तिच्यात जेलही होती आणि व्हर्च्युअल मशीनचा पडदाही.

मग मी दोन्ही दगडांवर पाय ठेवले. गाणी प्लगइनमध्ये, आणि नेक्स्टक्लाउड डेबियनच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, चार जीबी तोडून देऊन. प्लगइनचं सुख असं, की पूलमधला फोल्डर थेट जेलमध्ये जोडता यायचा. दुःख परवानग्यांचं. जेलच्या आतल्या आणि बाहेरच्या वापरकर्त्याचा आकडा जुळला नाही, तर फाइल डोळ्यांसमोर दिसते पण उघडत नाही. 'मीडिया' नावाच्या वापरकर्त्याचा आकडा होता 8675309. एका जुन्या अमेरिकन गाण्यातला टेलिफोन नंबर! स्वतःचा मोबाइल नंबर मला अजून अडखळत सांगावा लागतो, हा मात्र झोपेतही सांगेन. व्हर्च्युअल मशीनला स्वतःच्या डिस्कवर ही कटकट नाही, पण त्याच डब्यातली फाइल तिला नेटवर्कवरून, एनएफएसनं मागावी लागते. स्वयंपाकघरातून माजघरात जायला रस्त्यावरून वळसा.

एका जूनमध्ये वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती. जेल उठली, जणू काही झालंच नाही. डेबियन मात्र डोकं धरून बसला: आतली फाइलसिस्टिम दुखावलेली, डेटाबेस उघडेना. दोष सर्वस्वी माझा. वेग हवा म्हणून त्याच्या झेडव्हॉलचं, म्हणजे पूलमधल्या आभासी डिस्कचं, सिंक मीच बंद केलं होतं, त्यामुळे लिहिलं गेलं असं त्याला सांगितलेलं बरंच काही डिस्कवर पोचलंच नव्हतं. सकाळच्या स्नॅपशॉटवर मागे गेलो आणि सुटलो. मामेभावाला हे आजवर सांगितलेलं नाही.

पण प्लगइन रोज थोडे थोडे मरत होते, हे मला दिसत असूनही मी पाहिलं नाही. 2018 च्या डिसेंबरात 11.2 आली, जेलचा कारभार वॉर्डनकडून आयोकेजकडे गेला, आणि जुनी बिऱ्हाडं मोडून नवी मांडावी लागली. पुढे फ्रीबीएसडीची अकरावी पिढी 2021 मध्ये निवृत्त झाली. जेलमध्ये शिरून पॅकेज अद्ययावत करायला जावं, तर आपलं घर जुनं आणि पॅकेज नव्या घरासाठी बांधलेलं, असा निरोप येऊन गाडी थांबायची. कितीतरी प्लगइनांना सांभाळणारं माणूसच उरलं नव्हतं. बटण तेच, चकचकीत. मागे कोणी नाही. स्केलमध्ये तरी काय वेगळं? 2022 ला कुबरनेटिसवर ॲप्स आली, 2024 च्या ऑक्टोबरात ती डॉकरवर गेली. एप्रिल 2025 मध्ये तर व्हर्च्युअल मशीनचीही पद्धत बदलून पाहिली, आणि काही महिन्यांत जुनी परत आणली.

तरीही दिवाळीत स्केल टाकल्यावर डेबियन उठला. नव्या व्यवस्थेत मशीन मांडलं, जुन्या झेडव्हॉलकडे बोट दाखवलं आणि सुरू केलं. आयपी मिळेना, कारण नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं. कन्सोलमधून एक ओळ दुरुस्त केली. त्याला यजमानाच्याच फाइली दिसेनात, म्हणून ब्रिज बांधण्यात अर्धा दिवस गेला. पण आतली एक फाइल हलली नव्हती. ज्या सोयीवर मी बारा वर्षं जीव टाकला ती गेली, आणि ज्या बंगल्याला रॅमची नासाडी म्हणून हिणवलं तो तगला. मामेभावाचा दुसऱ्या दिवशी फराळाच्या वेळी फोन आला. चकल्या कशा झाल्यात, एवढंच बोललो.

पूलमध्ये आयोकेजचा डेटासेट अजून तसाच आहे. जागा अडते, पण पुसवत नाही. परवा आत डोकावलो: फोल्डर जागच्या जागी, सेटिंगची फाइल वाचता येते, सुरू मात्र काहीच करता येत नाही. मालकाच्या रकान्यात 'मीडिया' हे नावही उरलेलं नाही. या घरात त्या नावाचं कोणी राहत नाही, म्हणून लिनक्स नुसता आकडा दाखवतो. 8675309.