दुहेरीचे दुय्यमत्व

खेळाडूचे कर्तृत्व त्याने एकट्याने मिळवलेल्या विजयांवरून मोजण्याची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे. बॅडमिंटनपुरते बोलायचे तर प्रकाश पदुकोण, पुल्लेला गोपीचंद, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि ती असायलाच हवीत. परंतु ही सारी नावे एकेरीतील आहेत. दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांसाठी राखून ठेवलेला आडोसा, अशी समजूत क्रीडासंघटकांपासून प्रेक्षकांपर्यंत दीर्घकाळ रुजलेली होती. तिची किंमत खेळाडूला कशी मोजावी लागते, हे ज्वाला गुट्टा हिच्या कारकिर्दीकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

वर्धा येथे १९८३ साली जन्मलेली, तेलुगू पिता व चिनी माता यांची ही कन्या हैदराबादेत वाढली आणि एस. एम. आरिफ यांच्यासारख्या साक्षेपी गुरूंच्या हाताखाली तयार झाली. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून १४ राष्ट्रीय विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. प्रथम श्रुती कुरियन आणि नंतर अश्विनी पोनप्पा या तिच्या महिला दुहेरीतील सहकारी. मिश्र दुहेरीत व्ही. दिजू तिचा जोडीदार. दिजूसमवेत २००९ साली तिने सुपर सिरीज मास्टर्स स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने अश्विनीसह सुवर्णपदक मिळवले, आणि २०११ साली लंडन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत या दोघींनी कांस्यपदक जिंकले. पदुकोण यांच्या १९८३ सालच्या कांस्यपदकानंतर या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिलेच पदक होते. म्हणजे २८ वर्षांचा दुष्काळ संपवला तो दुय्यम मानल्या गेलेल्या दुहेरीने.

दुहेरी हा एकेरीचा सोपा अवतार नव्हे. मैदान थोडे रुंद होते, पण फूल परतवण्यास मिळणारा अवधी मात्र घटतो. जाळीजवळ कोणी थांबावे, मागून स्मॅश कोणी मारावा, आक्रमण संपून बचावाची वेळ येताच दोघांनी शेजारी शेजारी केव्हा सरकावे, याचा निर्णय क्षणार्धात आणि न बोलता व्हावा लागतो. ज्वाला डावखुरी, अश्विनी उजव्या हाताने खेळणारी. एकीची जाळीजवळची चतुराई आणि दुसरीची मागून येणारी ताकद यांचा मेळ सरावातूनच बसला. असा सराव व्हायचा तर समोर तोडीस तोड दुसरी जोडी हवी आणि या शास्त्रात मुरलेला प्रशिक्षक हवा. ज्या देशात एकेरीवरच सारे लक्ष केंद्रित झालेले असते, तेथे या दोन्ही गोष्टी दुर्मिळ असतात. स्वतंत्र प्रशिक्षकाची मागणी ज्वाला वर्षानुवर्षे जाहीरपणे करीत होती. तिच्या स्पष्टवक्तेपणाचीच चर्चा अधिक झाली, मागणीची कमी.

२०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती दोन प्रकारांत पात्र ठरली. असे करणारी ती पहिली भारतीय बॅडमिंटनपटू. महिला दुहेरीत तीनपैकी दोन सामने जिंकूनही अवघ्या एका गुणाच्या फरकाने उपांत्यपूर्व फेरी हुकली. तो दैवाचा भाग म्हणता येईल. परंतु २०१३ सालच्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये जे घडले, त्याला दैव म्हणता येणार नाही. स्पर्धेच्या आराखड्यातून महिला दुहेरीच वगळण्यात आली आणि ज्वाला व अश्विनी यांची लिलावातील मूळ किंमत ५० हजार डॉलरवरून २५ हजारांवर आणण्यात आली. दोन वर्षांपूर्वी जगात पदक मिळवलेल्या जोडीचे मोल तिच्याच देशात रातोरात निम्मे झाले.

या व्यवसायात आणखी एक अनिश्चितता असते. जागतिक क्रमवारीतील गुण जोडीचे असतात. जोडीदार दुखावला, निवृत्त झाला वा दुरावला, की नव्या सोबत्यासह जवळजवळ पहिल्या पायरीपासून चढण सुरू होते. अश्विनीने ही चढण पुन्हा चढून पाहिली. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या तनिषा क्रास्टो हिच्यासमवेत उतरली. या चिकाटीस पदक लाभले नाही, म्हणून तिचे मूल्य कमी होत नाही.

दुहेरीकडे लक्ष दिले की काय घडते, याचा पुरावाही आता आहे. २०१५ साली मलेशियाचे तान किम हेर दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी आंध्रचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी व मुंबईचा चिराग शेट्टी यांची जोडी जमवली. थॉमस चषकाच्या लढतीत पाच सामन्यांपैकी दोन दुहेरीचे असतात. २०२२ साली भारताने हा चषक प्रथमच जिंकला, तेव्हा उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम या तिन्ही लढतींत या जोडीने आपला सामना जिंकला होता. पुढे २०२३ साली हांगचौ येथे एशियाई सुवर्णपदक आणि जागतिक क्रमवारीत पहिले स्थान त्यांना लाभले. ज्वालाने जे मागितले होते, ते मिळाल्यावर पुढच्या पिढीने काय करून दाखवले, हे त्यावरून कळते.

शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत आजही दुहेरीची जोडी बहुधा आयत्या वेळी ठरते. एकेरीतून बाद झालेल्या दोघांना एकत्र उतरवले जाते. जिल्हा पातळीवर दुहेरीचा स्वतंत्र सराव आणि जोडी वर्ष-दोन वर्षे टिकवण्याचा आग्रह, एवढ्या दोन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. दुसऱ्याच्या चुकीची भरपाई मुकाट्याने करणे आणि आपल्या फटक्याचे श्रेय वाटून घेणे, हे गुण वर्गात शिकवणे कठीण असते. ते मैदानावर शिकवता येतात. मात्र त्यासाठी ज्या खेळात ते लागतात, त्या खेळाला दुय्यम मानणे आधी थांबवावे लागेल.