हंसाने दमयंतीला काय सांगितले?

सुरतेतील माझ्या परिचयाच्या एका मराठी घरी बैठकीच्या भिंतीवर एक जुने रंगीत चित्र आहे. लाल साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे आणि कठड्यावर बसलेला हंस तिला काही सांगत आहे. त्या घरची कन्या माझी जुनी विद्यार्थिनी. सध्या तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. परवा तिने मला विचारले, "सर, ही पाखराशी काय बोलते?"

हे चित्र राजा रविवर्म्याचे 'हंस-दमयंती'. मूळ तैलचित्र १८९९ सालचे असून ते तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा कलादालनात आहे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस घाटकोपर येथे छापखाना काढला, आणि राजवाड्यांतील देवदेवता व नायिका सामान्यांच्या भिंतींवर आल्या.

श्रोतेहो, प्रेमकथेच्या चित्रात पक्षी केवळ शोभेसाठी येत नाही. युरोपात बरोक शैलीचा थोर चित्रकार रुबेन्स यानेही हंस रंगविला आहे. पण तो हंस म्हणजे लीडा राणीला भुलविण्यासाठी वेष पालटून आलेला झ्यूस देव होय. तेथे हंस हे कपटाचे रूप. आपल्याकडे तोच हंस दूध आणि पाणी निवडणारा विवेकी. पक्षी एकच, अर्थ मात्र परस्परविरुद्ध! प्रतीकाचा अर्थ वस्तूत शोधू नये. तो तिच्यामागील कथेत शोधावा.

ही कथा महाभारताच्या वनपर्वातील. रघुनाथ पंडितांनी ती आपल्या आख्यानाने मराठीत अजरामर केली. नळाने पकडलेला हंस सुटकेच्या बदल्यात विदर्भात जातो आणि राजकन्येपुढे नळाचे गुण वर्णितो. चित्रात आहे तो हाच क्षण. नळ चित्रात कोठेच नाही. आहे ते केवळ ऐकणे. प्रेमाचा आरंभ येथे रूप पाहून झालेला नाही, गुण ऐकून झालेला आहे.

हंसाच्या विवेकाची खरी कसोटी पुढे स्वयंवरात लागते. इंद्र, अग्नी, वरुण व यम हे चौघे नळाचेच रूप घेऊन बसतात. दमयंती सत्याची साक्ष काढून विनविते, तेव्हा देव आपली लक्षणे प्रकट करतात. त्यांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. ज्याच्या अंगावर घाम व धूळ आहे, ज्याची माळ सुकली आहे आणि ज्याची सावली पडली आहे, त्याच्या गळ्यात ती वरमाला घालते. देवत्व समोर असताना तिने मर्त्य माणूस निवडला. दूध आणि पाणी वेगळे झाले ते येथे.

इतके सांगून मी थांबलो. मुलगी क्षणभर गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, "सर, तिला निवडू तरी दिले."

तिचे वडील शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत; मात्र उठून चित्रापाशी गेले आणि बराच वेळ पाहत राहिले.

आपल्याही घरी असे एखादे चित्र असेल, तर त्याची धूळ पुसताना त्याची कथा आठवावी. आणि घरात उपवर कन्या असेल, तर ती कथा तिच्यासमोर बसून सांगावी, आणि मग तिचे म्हणणे ऐकावे.